शहराची लोकवाहिनी चालवायची तर: खान्देशातल्या नवख्यांसाठी

लोकवाहिनी म्हणजे शहरातल्या लोकांनीच कार्यक्रम बनवून चालवलेली स्थानिक टीव्ही वाहिनी. कम्युनिटी रेडिओला भारतात स्वतंत्र परवाना मिळतो. २००६ च्या धोरणानंतर स्वयंसेवी संस्थाही तो घेऊ शकतात. टीव्हीसाठी मात्र तशी सोय नाही. अँटेना उभारून जमिनीवरून टीव्ही प्रक्षेपण करायचा मान फक्त दूरदर्शनचा. अमेरिकेत १९८४ च्या केबल कायद्यामुळे शहरं केबल कंपनीकडून लोकांसाठी वाहिनी मागून घेऊ शकतात. आपल्याकडे ती तरतूद नाही, त्यामुळे तिकडचे लेख वाचून इथे अर्ज करायला निघू नका. जळगाव, धुळे, भुसावळसारख्या शहरात दार एकच आहे, ते म्हणजे शहरातला एमएसओ, म्हणजे ज्याच्या हेडएंडवरून (मुख्य केंद्रावरून) सगळ्या केबलवाल्यांना सिग्नल जातो तो. जोडीला यूट्यूब घ्यायचं.

आणि वाहिनी म्हणजे २४ तास, हे डोक्यातून आधी काढून टाका. आठवड्याला अर्धा तास, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळेला, आणि घरातल्या म्हातारीलाही नीट ऐकू जाईल अशा आवाजात. हे सहा महिने न चुकता जमलं तर रोजचा अर्धा तास करा. बहुतेक गट उलटं करतात. उद्घाटनाला २४ तासांची घोषणा होते, महिनाभरात तेच चार कार्यक्रम फिरत राहतात, मग जुनी गाणी लागतात आणि पाठोपाठ कॉपीराइटची नोटीस येते.

एमएसओकडे जाण्याआधी नियम माहीत करून घ्या

३१ मार्च २०१७ पर्यंत देशभरातली केबल डिजिटल झाली. पूर्वी गल्लीतला केबलवाला व्हीसीआर लावून स्वतःचं चॅनल दाखवायचा, तो जमाना संपला. आता तुमचा कार्यक्रम एन्कोडरमधून (चित्र-आवाजाचा डिजिटल सिग्नल करणाऱ्या यंत्रातून) हेडएंडला गेल्याशिवाय सेट टॉप बॉक्सवर दिसत नाही. एमएसओच्या अशा स्वतःच्या वाहिनीला नियमात ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिस’ म्हणतात. माहिती व प्रसारण मंत्रालयाने ३० नोव्हेंबर २०२२ ला तिच्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातल्या कामाच्या गोष्टी अशा:

नोंदणी एमएसओने करायची असते, दर वाहिनीला एकदाच १,००० रुपये शुल्क. अशा वाहिन्या एकूण वाहिनी-क्षमतेच्या ५ टक्क्यांपर्यंतच ठेवता येतात, शिवाय स्थानिक कार्यक्रमांसाठी प्रत्येक जिल्ह्याला दोन. पडद्यावर ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिसेस’ ही अक्षरं दिसलीच पाहिजेत. दाखवलेल्या प्रत्येक कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग ९० दिवस जपून ठेवायचं. कार्यक्रम त्याच प्लॅटफॉर्मपुरता असतो, दुसऱ्या एमएसओला तो देता येत नाही; देवस्थानातून होणारं थेट प्रक्षेपण तेवढं अपवाद. आणि स्थानिक बातम्या द्यायच्या असतील तर एमएसओ ही कंपनी म्हणून नोंदलेली असावी लागते.

शेवटची अट पहिल्याच भेटीत विचारा. एमएसओ भागीदारी किंवा एकट्याच्या मालकीची असेल तर बातमीपत्राचा विचार सोडा आणि शेती, आरोग्य, शाळा, सण, मुलाखती यांवर वाहिनी उभी करा. खरं सांगायचं तर ते वाईटही नाही, कारण बातम्या प्रत्येक मोबाइलवर आधीच पोचलेल्या असतात.

तुमचा गट ‘कार्यक्रम बनवून देणारा’ राहतो आणि वाहिनी एमएसओची. म्हणून करार लेखी हवा. त्यात वाहिनी क्रमांक, प्रक्षेपणाचा दिवस-वेळ आणि पुनःप्रक्षेपणाची वेळ, कोणत्या तालुक्यांत दिसणार, फाइल पेनड्राइव्हने द्यायची की इंटरनेटवरून, जाहिरातीचा वाटा, ९० दिवसांचं रेकॉर्डिंग कोण ठेवणार, यूट्यूबवर टाकायचा हक्क कोणाचा आणि करार मोडायचा तर किती दिवसांची सूचना, एवढं असलंच पाहिजे. वाहिनी क्रमांक न कळवता बदलला तर प्रेक्षक परत येत नाही. ‘क्रमांक बदलण्याआधी १५ दिवस पट्टी चालवावी’ हे वाक्य करारात घालून घ्याच.

गटाची नोंदणी संस्था म्हणून करा (सात सदस्य लागतात) किंवा कलम ८ खालची ना-नफा कंपनी काढा. बँक खातं गटाच्या नावावर हवं, कोणा एकाच्या नावावर नको. एवढं पुरे.

पैशाचा पहिला हिस्सा आवाजाला

नवा गट आधी कॅमेरा घेतो आणि उरलेल्या पैशात माइक. हा क्रम उलटा हवा. चित्र जरा धूसर असलं तरी माणूस बघत राहतो, पण शब्द कळले नाहीत की रिमोट उचलतो. हातातल्या शंभर रुपयांतले तीस आवाजावर घाला.

दोन कॉलर माइक (एक वायरचा, एक वायरलेस), एक हातात धरायचा डायनॅमिक माइक, फोमचे आणि केसाळ विंडशील्ड, कान झाकणारा हेडफोन आणि चार चॅनलचा छोटा मिक्सर घ्या. हेडफोन हा शौक नाही. चित्रण सुरू असताना तो कानावर नसेल तर घरी आल्यावर काय मिळेल ते नशिबावर.

कॉलर माइक हनुवटीच्या खाली एक वीत, बटणपट्टीवर लावा. उपरण्याखाली, पदराखाली किंवा मंगळसूत्राजवळ लावला तर प्रत्येक हालचालीला खर्रखर्र येते. लेव्हल अशी ठेवा की साधं बोलणं उणे २० डेसिबलच्या आसपास राहील आणि जोराचा शब्दही उणे १२ च्या फार वर जाणार नाही. लाल दिवा लागला म्हणजे आवाज फाटला, आणि फाटलेला आवाज एडिटिंगमध्ये शिवता येत नाही.

खान्देशात आवाजाचा मोठा वैरी म्हणजे कूलर. मार्चपासून जूनपर्यंत घरोघर तो घुमतो. मुलाखतीच्या खोलीत थोडा वेळ बसलं की कानाला तो जाणवेनासा होतो, पण रेकॉर्डिंगमध्ये शब्दांच्या मागे सतत पाऊस पडल्यासारखं ऐकू येतं. त्यामुळे कूलर-पंखा बंद करा, माणसाला पाणी द्या, सात-आठ मिनिटांत बोलणं संपवा आणि कूलर पुन्हा लावा. उठण्याआधी सगळ्यांना गप्प बसवून खोलीचा तीस सेकंद रिकामा आवाज रेकॉर्ड करून घ्या. दोन वाक्यं जोडताना मधल्या फटीत तोच कामाला येतो.

चित्र: २५ फ्रेम, ५० चं शटर

सुरुवातीला चांगला मोबाइल आणि पक्का ट्रायपॉड चालतो. पण तीन सेटिंग बदलल्याशिवाय शूट करू नका.

फ्रेम रेट २५ ठेवा आणि शटर १/५०. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. मोबाइल ३० फ्रेमवर राहिला तर ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडीखाली चित्रावरून काळे पट्टे सरकताना दिसतात. मोबाइलचा मूळ कॅमेरा फ्रेम रेट कमी-जास्त करत राहतो. वीस मिनिटांच्या मुलाखतीत ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे होतात ते याचमुळे. स्थिर फ्रेम रेट देणारं अ‍ॅप वापरा. जुनी फाइल आलीच तर एडिटिंगआधी ‘हँडब्रेक’ या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट २५’ करून घ्या. तिसरं म्हणजे फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर पांढऱ्या टोपीतले आजोबा मान हलवतील तसा चेहरा उजळतो-काळवंडतो.

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. उन्हात उभा केलेला फोन काही मिनिटांत ‘तापमान वाढलंय’ म्हणून बंद पडतो. बाहेरचं शूटिंग सकाळी नऊच्या आत उरका. फोनला पांढऱ्या कापडाची सावली करा, चार्जिंग लावून शूट करू नका आणि हार्ड डिस्क गाडीच्या डिकीत ठेवू नका.

हेडएंडला फाइल कशी हवी ते तिथल्या माणसालाच विचारा. अनेक ठिकाणी स्थानिक वाहिनी अजून एसडीमध्ये चालते, म्हणजे ७२० गुणिले ५७६. तिथे तुमचं १६:९ चित्र ४:३ मध्ये दाबलं गेलं तर सगळे उभे-किडमिडे दिसतात, ताणलं गेलं तर फुगतात. दहा मिनिटांची चाचणी फाइल द्या आणि ती तीन वेगवेगळ्या घरांतल्या सेट टॉप बॉक्सवर स्वतः बघा. हेडएंडमधल्या मॉनिटरवर विसंबून राहू नका. नाव, फोन नंबर, लोगो पडद्याच्या कडेपासून किमान पाच टक्के आत ठेवा. जुने टीव्ही कडा कापतात.

देवनागरी पट्टी

डीटीपीवाल्याकडून आलेला मजकूर बहुधा श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतो. तो सरळ चिकटवला तर पडद्यावर भलतीच चिन्हं उमटतात. सगळं युनिकोडमध्ये टाइप करून घ्या आणि ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ हा फॉन्ट वापरा. युनिकोड असूनही वेलांटी शब्दाच्या पुढे पळत असेल, ‘प्र’चा ‘प् र’ होत असेल, तर दोष फॉन्टचा नसतो. एडिटिंग सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींसाठीचं टेक्स्ट इंजिन निवडावं लागतं. पट्टी लावण्याआधी ‘चौधरींच्या विद्यार्थ्यांनी श्रीक्षेत्र’ अशी जोडाक्षरांची ओळ टाइप करून तपासा.

भाषेबद्दल घाबरू नका. धुळे-अमळनेरकडची अहिराणी, रावेर-यावलची लेवा गणबोली, जामनेर भागातली तावडी, सातपुड्यातली पावरी, ज्याला जी येते त्यात त्याला बोलू द्या. प्रमाण मराठीत बोलायला लावलं की माणूस शाळेत उभा केल्यासारखा आखडतो. पावरीला खाली मराठी ओळ द्या. अहिराणीला जळगावात गरज नाही.

आठवड्याचा गाडा

शनिवारी संध्याकाळी सातला कार्यक्रम असेल तर असं चालवा. सोमवारी बैठक भरवून अर्ध्या तासाचा रनडाऊन कागदावर लिहा: शीर्षक आणि ठळक गोष्टी २ मिनिटं, शहरातल्या घडामोडी ८, मुख्य विषय १०, शेती-बाजार ४, लोकांच्या सूचना २, जाहिराती ४. मंगळवार-बुधवारी शूट करा. गुरुवारी फुटेज दोन डिस्कवर उतरवा आणि एडिटिंग सुरू करा. कार्ड दोन्ही प्रती तपासल्याशिवाय पुसायचं नाही. शुक्रवारी दुपारपर्यंत कापणी संपवून, जो शूटला गेलाच नव्हता अशा एकाने पूर्ण बघायचं. नावांच्या आणि हुद्द्यांच्या चुका त्यालाच दिसतात. शुक्रवारी रात्री फाइल हेडएंडला पोचलीच पाहिजे, शनिवारी सकाळी नव्हे, कारण शनिवारी तिथला माणूस रजेवर असणार हे धरूनच चालायचं. फाइलच्या नावात तारीख, भाग क्रमांक आणि आवृत्ती घाला. ‘फायनल’, ‘नवीन फायनल’ अशा नावांमुळेच अर्धवट भाग प्रक्षेपित होतो.

बाजारभावात केळी असो वा कापूस, भाव, ठिकाण आणि तारीख तिन्ही पडद्यावर हवीत. शुक्रवारचा रावेरचा केळीभाव सोमवारच्या पुनःप्रक्षेपणात तारखेविना गेला की शेतकरी व्यापाऱ्याशी भांडतो आणि वाहिनीवरचा विश्वास उडतो. धरणाच्या दृश्यांनाही तोच नियम लावा. हतनूरचे दरवाजे उघडल्याचं गेल्या पावसाळ्यातलं दृश्य तारीख न टाकता दाखवलं तर तापीकाठी अफवा पसरायला एक व्हॉट्सअ‍ॅप पुरे.

माणसं किमान सहा लागतात: दोन कॅमेऱ्यावर, एक आवाजाला, एक निवेदक, एक एडिटर आणि एक जो फक्त फोन, परवानग्या, वेळा सांभाळतो. कॉलेजची पोरं उत्साहाने येतात आणि परीक्षा लागली की गायब होतात. त्यांना दोष देऊ नका. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च ते मे या काळासाठी कधीही चालतील असे चार भाग आधीच डब्यात ठेवा: कळण्याच्या भाकरीची कृती, विहीर पुनर्भरण, सर्पदंशावर पहिल्या तासात काय करायचं, अशा विषयांचे.

महापालिकेची महासभा

वाहिनीचं नाव व्हायचं ते अशा कामातून. नगरसचिव कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि सभेआधी अर्धा तास तरी जाऊन सभागृहाच्या साउंडवाल्याला भेटा. त्याच्या मिक्सरमधून आउटपुट मिळाला तर प्रत्येक सदस्याचा माइक स्वच्छ मिळतो. दोन ठिकाणी घोळ होतो. मिक्सरचा लाइन आउटपुट कॅमेऱ्याच्या माइक इनपुटला सरळ लावला तर आवाज पहिल्या शब्दापासून फाटतो, म्हणून कॅमेऱ्याचं इनपुट ‘लाइन’वर करा किंवा मध्ये पॅड (सिग्नलचा जोर उतरवणारा जोड) लावा. दुसरं म्हणजे सतत ‘घूंऽऽ’ ऐकू येतं. दोन्हीकडची उपकरणं वेगवेगळ्या प्लगवर असली की अर्थिंगमुळे ते होतं. मध्ये ऑडिओ आयसोलेटर टाका, किंवा कॅमेरा बॅटरीवर चालवून पाहा. अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा उद्योग मात्र करू नका. माणूस मरतो.

थेट प्रक्षेपण: रथोत्सवाचा दिवस

कार्तिकी एकादशीचा जळगावचा श्रीराम रथ ज्याला थेट दाखवता आला त्याला काहीही दाखवता येईल. गर्दी, वाजंत्री, अरुंद रस्ते, तासन्‌तास चालणारी मिरवणूक, सगळं एकत्र असतं.

मोबाइल डेटावर भिस्त ठेवू नका. सकाळी स्पीड टेस्टला चाळीस दाखवणारं नेटवर्क संध्याकाळी हजारो फोन एकत्र आले की झोपतं. मार्गावरच्या दुकानदाराचं वायरचं इंटरनेट आधीच मागून ठेवा. ४ एमबीपीएसचा प्रवाह पाठवायचा तर किमान ८ अपलोड हवा. वेगवेगळ्या कंपन्यांची दोन सिम फक्त राखीव म्हणून. ओबीएस या थेट प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये बिटरेट ४,००० (केबीपीएस), कीफ्रेम २ सेकंद, आवाज ४८ किलोहर्ट्झ. नेट अडखळायला लागलं तर १,०८० वर अडून न बसता ७२० ला २,५०० वर उतरा.

कॅमेरे तीन: एक वळणावरच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीत, एक मंदिराजवळ, एक हातात फिरता. वळणावरचा कॅमेरा सर्वांत महत्त्वाचा. अवाढव्य रथ वळवायचा, थांबवायचा तर चाकाखाली लाकडी मोगरी सरकवावी लागते. ती टाकणाऱ्या माणसाचे हात आणि मागून येणारं चाक या जवळच्या दृश्यासाठी लोक टीव्हीपुढे बसतात. तेव्हा त्या गॅलरीतून रस्त्यापर्यंत नजर जाईल अशी लेन्स ठेवा आणि फिरत्या कॅमेरामनला चाकाजवळ अजिबात पाठवू नका.

एचडीएमआयची वायर दहा-पंधरा मीटरपुढे दगा देते. त्यापुढे एसडीआय (लांब अंतरावर चित्र नेणारी जोडणी) वापरा. केबलवाल्यांकडची चांगल्या प्रतीची ७५ ओहमची आरजी-सिक्स वायर बीएनसी कनेक्टर लावून पन्नास-साठ मीटरपर्यंत एचडी-एसडीआय नेते. शहरातला केबलवाला मित्र असण्याचा हा फायदा.

ढोल-डीजेच्या आवाजात निवेदकाने डायनॅमिक माइक ओठांपासून दोन बोटांवर धरायचा. मिरवणुकीचा आवाज वेगळ्या माइकवर, लिमिटर (आवाज ठरलेल्या पातळीवर जाऊ न देणारी सोय) लावून, निवेदनाच्या खाली ठेवा. वायरलेसने आलेलं चित्र थोडं उशिरा पोचतं, मिक्सरमधून आलेला आवाज लगेच. कॅमेऱ्यापुढे टाळी वाजवा, फरक बघा आणि ओबीएसमधल्या सिंक ऑफसेटमध्ये तेवढे मिलिसेकंद भरा.

वीज जाणारच. लॅपटॉप ९० वॅट, स्विचर (एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जाण्याचं यंत्र) ३०, मिक्सर, एन्कोडर, राउटर मिळून ५०, म्हणजे १७० वॅट. १२ व्होल्टच्या १५० एएच बॅटरीत १,८०० वॅट-तास असतात. निम्म्याच वापरायच्या, त्यात इन्व्हर्टरचा घाटा वजा केला की साधारण चार तास मिळतात. वीज जाताना इन्व्हर्टर बदलायला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात राउटर रीस्टार्ट होतो, म्हणून राउटर आणि एन्कोडर छोट्या यूपीएसवर ठेवा.

कायद्याच्या खाचखळग्यांबद्दल

यूट्यूबवर हक्काचा दावा बहुतेक वेळा मिरवणुकीतल्या गाण्यामुळे येतो. कानबाईच्या विसर्जनात डीजेवर वाजणारी अहिराणी गाणी कोणत्या ना कोणत्या कंपनीच्या मालकीची असतात. तो तुकडा कापा किंवा आवाज बंद करा. त्यापेक्षा रोट मांडलेल्या घरी बसून बायका जी पारंपरिक गाणी म्हणतात ती त्यांच्या परवानगीने ध्वनिमुद्रित करा. ऐकायला चांगली, आणि झंझटही नाही. चित्रपट प्रक्षेपणाचे हक्क लेखी नसतील तर एक दृश्यही दाखवू नका.

लैंगिक अत्याचारातल्या पीडितेचं, मुलाचं नाव, चेहरा, शाळा, गल्ली, नातेवाइकांचं नाव, काहीही जाऊ देऊ नका. चेहरा धूसर करून मागे घराची पाटी दाखवणं म्हणजे ओळख दाखवणंच. निवडणुकीत राजकीय जाहिरात जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन समितीच्या प्रमाणपत्राशिवाय घेऊ नका, आणि मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत निवडणुकीचा कोणताही प्रचार मजकूर पडद्यावर नको. ताज्या भागात लक्ष ठेवलं जातं, पुनःप्रक्षेपणात ते निसटतं. म्हणून त्या दिवसांची प्लेलिस्ट हाताने तपासा.

केबल नियमांप्रमाणे तासाला जाहिरात १० मिनिटं आणि स्वतःच्या कार्यक्रमांचा प्रचार २ मिनिटं, एवढीच मुभा आहे. जाहिरातदार पहिले येतात ते क्लास, दवाखाने आणि सराफ. दवाखान्याच्या ‘हमखास बरे’ छाप जाहिराती परत पाठवा. प्रत्येक जाहिरातीची पावती, आणि कोणत्या दिवशी किती वाजता लागली याची नोंदवही ठेवा. पैसे मागताना तीच पुढे करायची असते.

९० दिवसांच्या रेकॉर्डिंगचा हिशोब सोपा आहे. ४ एमबीपीएसने तासाला १.८ जीबी, दिवसाला ४३ जीबी, ९० दिवसांना ३,९०० जीबीच्या आसपास. म्हणजे २४ तासांच्या वाहिनीला चार टीबीची डिस्क जेमतेम पुरते, सहाची घ्या. आठवड्याच्या अर्ध्या तासाला साधा पेनड्राइव्हही चालेल, पण तो दोन प्रतींत आणि दोन घरांत. तक्रार आली तर केबल कायद्याखालचे प्राधिकृत अधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी, प्रांत किंवा पोलिस आयुक्त, नेमका तोच भाग मागतात. दिलेल्या प्रतीची पोच घ्या आणि प्रकरण मिटेपर्यंत, ९० दिवस उलटले तरी, मूळ फाइल पुसू नका.